‘वेसेत’ म्हणजे पाळीच का?

एका वाचकाची शंका: ज्यू धर्मशास्त्रावरच्या लेखात ‘वेसेत हागूफ’ असा शब्द आला. कोशात वेसेत म्हणजे मासिक पाळी, गूफ म्हणजे शरीर. मग ‘शरीराची पाळी’ हे काय प्रकरण?

कोश बरोबर आहे, पण तो आजच्या हिब्रूचा. जुन्या हिब्रूत वेसेत म्हणजे सवय, रोजचा परिपाठ. ‘वेसेत बदलली की पोटाच्या दुखण्याची सुरुवात’ असं तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या प्राचीन ग्रंथात, म्हटलंय, तिथे पाळीचा काही संबंध नाही. बाईची वेसेत म्हणजे रक्तस्राव कधी होणार हे सांगणारी ठरलेली वेळ किंवा खूण. पुढे तो शब्द त्या स्रावालाच चिकटला. आपल्या ‘पाळी’चंही हेच झालं की! पाण्याची पाळी, भांडी घासायची पाळी, आणि मग नुसती ‘पाळी आली’.

वेळेची वेसेत हिब्रू तिथीवरून किंवा दोन स्रावांमधल्या दिवसांवरून धरतात. वेसेत हागूफमध्ये तिथी नाही, अंगच वर्दी देतं. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, ‘निद्दा’ या पाळीच्या नियमांच्या भागात, या खुणा दिल्या आहेत: शिंका, ओटीपोटातली कळ, अंगावर शिरशिरी वगैरे. एकच खूण तीनदा स्रावाआधी आली की वेसेत पक्की. स्रावाच्या काळात शरीरसंबंध वर्ज्य, म्हणून ती जाणवली की नवराबायकोने दूर राहायचं.

खरी गंमत यादीतल्या पहिल्या शब्दाची, ‘मेफाहेकेत’. आज कुणीही ‘जांभई देते’ असाच अर्थ सांगेल. पण सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरूख’ या धर्मसंहितेत त्याचे तीन अर्थ ओळीने दिलेत: अंग जड झाल्यामुळे हात ताणणं, तोंड उघडणं किंवा घशातून आवाज काढणं. मराठीत आळोखेपिळोखे, जांभई आणि ढेकर यांची गल्लत व्हायची सोय नाही. तिथे मात्र एका क्रियापदावर पंडितांची मतं फुटली. बरं, एखादीच जांभई किंवा शिंक आली तर ती धरत नाहीत, ती कुणालाही येते. एकामागून एक येत राहिल्या तरच खूण.

तेव्हा भाषांतरात ‘शरीराची पाळी’ नको. मी ‘अंगाची खूण’ म्हणेन, आणि तिथीच्या वेसेतला ‘ठरला दिवस’.