२०० तासांचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आहे. एअरलाइन धरू की चार्टर?

तुम्ही लिहिलंय: खानापूरचे, २०० तासांचं सीपीएल, मल्टि-इंजिन आणि आयआर (उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) झालेलं. एक चार्टर (भाड्याने विमान देणारी) कंपनी किंग एअर बी२०० या छोट्या टर्बोप्रॉप विमानावर को-पायलट म्हणून घ्यायला तयार आहे, घरचे मात्र एअरलाइनची भरती निघेपर्यंत थांब म्हणतात.

पगार बाजूला ठेवा, आधी लॉगबुकाचा, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीचा, हिशोब मांडा. एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला एटीपीएल (वैमानिकाचा सर्वांत वरचा परवाना) लागतं आणि त्याला १५०० तास. तुम्हाला १३०० कमी पडतात. एअरलाइनमध्ये वर्षाला ७००-८०० तास होतात (नियमाने कमाल १०००), म्हणजे दोनेक वर्षांचं काम. चार्टरमध्ये ३०० झाले तरी पुष्कळ. त्यात खरी मेख अशी की बी२०० हे एका पायलटसाठी प्रमाणित विमान आहे. आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमानुसार अशा विमानावर को-पायलटचे तास वरच्या परवान्यासाठी जास्तीत जास्त निम्मेच धरले जातात. ३०० चे १५० झाले, तर १३०० ला आठ वर्षं उलटून जातील! सही करण्याआधी हे तास कसे मोजले जाणार ते डीजीसीएकडून (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाकडून) लेखी विचारून घ्या. दोन पायलटांसाठीच प्रमाणित जेट असेल तर ही अडचण नाही.

पण चार्टरमध्ये शिकायला फार मिळतं. मे महिन्यातली सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळावरची, दुपार घ्या. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर, तापमान ३६ अंश. डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या वर जाते. प्रवासी सगळे आले, बॅगा वाढल्या, टाकी पूर्ण भरायची म्हटलं तर वजन बसत नाही. एअरलाइनमध्ये लोडशीट (विमानातल्या वजनाच्या हिशोबाचा कागद) तयार होऊन हातात येते. इथे बॅग उतरवायची की इंधन कमी करून मध्ये थांबायचं, हा हिशोब तुम्हीच करता आणि विमान भाड्याने घेतलेल्या साहेबांना जाऊन सांगताही तुम्हीच. निघायची घाई त्यांना असते, आकडे मात्र बदलत नाहीत.

माझं मत: एअरलाइनची भरती आज उघडी असेल तर तिकडेच जा. नसेल तर घरी बसू नका, आयआर बारा महिन्यांत संपतं आणि हाताची सवयही जाते. चार्टर घ्या, पण बाँड (मधेच नोकरी सोडल्यास पैसे भरायचा करार) दोन वर्षांच्या वर नको, आणि त्याची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असं करारात लिहून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवायला देऊ नका.