गाडीत सीट दोनच होत्या

"मॅडम, बाबांची गाडी विकली तर बाबांनाच विकल्यासारखं होईल का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. गाडीच्या जागी कधी मखमलाबादकडची द्राक्षबाग असते, कधी गोदाकाठच्या वाड्यातला हिस्सा, एकदा तर आजीचं जातं होतं. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. आई किंवा वडील जाऊन दोन-चार वर्षं झालेली असतात आणि घरातलं कुणीतरी "त्याचं काय ते एकदा ठरव" म्हणून मागे लागलेलं असतं. या गृहस्थांची गोष्ट सांगते, कारण तिच्यात हा पेच सगळ्या बाजूंनी दिसतो. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

गाडी होती ट्रायम्फ स्पिटफायर, इंग्लंडची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. १९६८ चं मार्क ३ मॉडेल, १२९६ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, वरून कापडी टप. बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढे कलंडतं. मुंबईतल्या एका वकिलातीतला माणूस मायदेशी जाताना ती विकून गेला आणि दोन हात फिरून १९७८ साली ती नाशकात आली. घेणारे वडील ओझरला एचएएल या विमान कारखान्यात इंजिनिअर, दिवसभर मिग विमानांत डोकं घातलेले. इंग्लंडची गाडी नाशकात इतकी वर्षं चालली कशी, असं मी विचारलं, तर चिरंजीव एकदम खुलले. स्पिटफायरची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मुळात त्याच कंपनीच्या ट्रायम्फ हेरल्ड गाडीवरून घेतलेली, आणि हेरल्ड तर १९६१ पासून मद्रासला बनत होती. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे बरेचसे भाग बाबा कुर्ल्याच्या भंगार बाजारातून शोधून आणायचे. पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये (चाक वळतं त्या सांध्यात) ग्रीस नव्हे, गिअर ऑइलच घालायचं, यावरून त्यांनी नाशकातल्या निम्म्या मेकॅनिकांशी वाद घातला होता. सांगताना हे गृहस्थ हसत होते. गाडीचं पुढे काय करायचं, हा विषय निघाला की मात्र हाताची बोटं एकमेकांत अडकायची.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. गाडी त्याच्याही बऱ्याच आधीपासून गंगापूर रोडच्या बंगल्यामागे शेडमध्ये, ताडपत्रीखाली. पुण्याचा एक दलाल दर महिन्याला फोन करायचा. मुंबईच्या एका रिस्टोरेशनवाल्याने येऊन पाहिलं आणि गाडी पुन्हा नव्यासारखी करायच्या खर्चाचा दिलेला अंदाज दलालाच्या ऑफरच्या जवळजवळ अडीच पट निघाला. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी तोंडावर आलेली. बायको म्हणायची विका, मित्र म्हणायचे वेडा आहेस का, अशी गाडी परत मिळायची नाही. झोप उडाली होती आणि दुकानावर माणसांवर ओरडणं वाढलं होतं. दुकान म्हणजे सातपूर एमआयडीसीतलं त्यांचं छोटं मशीन शॉप.

पहिल्या भेटीला ते फाईल घेऊन आले. कोटेशनं, फोटो, इंटरनेटवरच्या किमतींचे प्रिंटआउट. मला गाड्यांतलं कळत नाही हे मी आधीच सांगून टाकलं आणि फाईल बाजूला ठेवून विचारलं, "रविवारी तुम्ही काय करता?"

सकाळी मिसळ, मग मुलीला बॅडमिंटनला सोडणं, दुपारी झोप, संध्याकाळी मित्र.

"या तीन वर्षांत एखाद्या रविवारी ताडपत्री काढलीत?"

ते गप्प झाले. स्वतःचं मशीन शॉप, लेथ हाताशी, पत्र्याचं काम करणारी माणसं ओळखीची, आणि तरी एकही रविवार नाही. माझ्या मते जुन्या गाडीच्या बाबतीत याहून खरी कसोटी नाही. जुनी गाडी सांभाळणं म्हणजे मुख्यतः तिच्याखाली झोपून तासन् तास घालवणं आणि एका रबरी सीलसाठी चार शहरांत फोन करणं. ज्याला तेच आवडतं त्याने ती खुशाल ठेवावी, खर्चाचा हिशोब कुणाला देऊ नये. ज्याला फक्त तयार, चकचकीत गाडी हवी आहे, त्याने तयार गाडीच विकत घ्यावी, जवळजवळ नेहमी ती स्वस्त पडते. बाबांना पहिली गोष्ट आवडायची. मुलाला बाबा आवडायचे.

किमतीचाही गुंता होता. दलालाचा आकडा त्यांना अपमान वाटत होता. कानमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि निम्म्यांना काही दिलं नाही. सगळे मग सारखेच, पण ज्यांच्या हातात आले होते त्यांनी विकायला मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट. ते मग मिळून काही मिनिटंच झाली होती! इथे तर लहानपणापासूनची गाडी. तेव्हा "मला जी किंमत वाटते" आणि "बाजार जी देईल" यांतली दरी पाहून आपण मूर्ख आहोत किंवा समोरचा चोर आहे, असं ठरवायची घाई करू नये. (दलाल चोर नसतोच असं मी म्हणत नाही. दुसरा, तिसरा भाव काढावाच.)

माझी खरी काळजी वेगळी होती. ठरवत नाही तोवर गाडी जशीच्या तशी सुरक्षित आहे, असं ते धरून चालले होते. मी त्यांना म्हटलं, पुढच्या भेटीआधी एक जाणता मेकॅनिक घेऊन ताडपत्री काढा आणि मला काय दिसलं ते सांगा. नाशिकची हवा मुंबईसारखी खारी नाही, एवढीच जमेची बाजू निघाली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे चाकांतले ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून जाम झाले होते. टाकीतल्या पेट्रोलची चिकट राळ झाली होती. आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणजे त्याही सगळ्या बदलायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पट्टीत, स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं. स्पिटफायरला खाली चासी असली तरी तिच्या बॉडीची मजबुती बरीचशी या सिलवर असते. ती सडली की मधून गाडी वाकते आणि दारं नीट बसत नाहीत. मेकॅनिकने विचारलं होतं, "साहेब, तीन वर्षांपूर्वी का नाही बोलावलं?"

हे ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांना थोडं रडू दिलं. मग कागदपत्रांचं विचारलं, कारण रडून झाल्यावर माणसाला कागद बरे वाटतात.

आरसी बुक अजून वडिलांच्याच नावावर होतं. म्हणजे हे गृहस्थ इतके दिवस जी ठेवायची की विकायची म्हणून झुरत होते, ती गाडी एकट्या त्यांची नव्हतीच. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आरटीओत ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते आणि त्याला बाकीच्यांची संमती लागते. खरं तर हे काम वडील गेल्यावर तीन महिन्यांत करायचं असतं. मी विचारलं, "आई आणि ताईंचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना गाडीत काही इंटरेस्ट नाही."

"विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मग पुढच्या भेटीला तिघांनाही बोलावलं.

ताई चार वर्षांनी मोठ्या, नाशिकरोडला शिक्षिका. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. भाऊ सांगत होता, बाबा त्याला रविवारी त्र्यंबक रोडने न्यायचे, टप उघडून, आणि अंजनेरीच्या अलीकडे थांबून चहा पाजायचे. ताई म्हणाल्या, "हो. आणि मी फाटक लावायला बाहेर यायचे."

तो म्हणाला, तूही यायचीस की.

"गाडीत सीट दोनच होत्या रे. तुझा जन्म होईपर्यंत यायचे मी. तू मोठा झालास आणि माझा नंबर गेला. बाबा म्हणायचे पुढच्या रविवारी तू. मग तू रडायचास."

आई मग सहज म्हणाल्या, त्या स्वतः त्या गाडीत फारच कमी बसल्या. "पाटावर बसल्यासारखं बसायचं आणि उठताना दोघांनी ओढायचं. याच्या वेळेला दिवस भरले होते, तेव्हा यांनी त्यातूनच दवाखान्यात नेलं. उतरता येईना. मी म्हटलं, आता ही गाडी तरी ठेवा नाहीतर मला." तिघेही हसले, ताई जरा उशिरा.

माझ्या कामाच्या दृष्टीने हीच मुख्य बैठक होती. "बाबांची आठवण" म्हणून ते ज्या गोष्टीला धरून बसले होते, ती एकट्या त्यांच्या वाट्याला आलेली आठवण होती. ताईंच्या आठवणीत ती गाडी म्हणजे फाटक. आईंच्या आठवणीत कंबरदुखी. यात वडील कुठे वाईट ठरत नाहीत. दोन सीटच्या गाडीत चौघांचं कुटुंब कुणालाच बसवता आलं नसतं. पण लाखो रुपये घालून गाडी पुन्हा उभी करायची ती घराण्यासाठी, बाबांसाठी, असं जे ते म्हणत होते, त्याला आधार उरला नाही. घरात कुणी ते मागितलंच नव्हतं. बाबांनीही नव्हतं मागितलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी गाडीचं नावही काढलं नव्हतं, उलट इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाल म्हणून सांगत होते.

एवढं झाल्यावर फाईल उघडली. त्यांच्या मनातलं चित्र होतं, गाडी तयार करून रोज सातपूरला न्यायची. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी केलेले नियम त्यांनी वाचले नव्हते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या येण्याजाण्याला वापरायची नसते. प्रदर्शन, रॅली, आणि त्यासाठी पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं, अशाच कामांसाठी.

मी त्यांना एकच आकडा लिहायला सांगितला: परत कधीच दिसला नाही तरी चालेल असा. रिस्टोरेशनमधून पैसे परत येतील ही आशा बाजूला ठेवून. त्यांनी लिहिला, खोडला, बायकोला फोन केला, पुन्हा लिहिला. तो मुंबईच्या कोटेशनच्या आसपासही नव्हता. पण ब्रेक, टाकी, नळ्या, वायरिंग करून गाडी सुरू करण्यापुरता होता. हा मधला रस्ता लोकांच्या डोक्यात येतच नाही. एक तर शोरूमसारखी, नाहीतर भंगारात! चालू अवस्थेतली, सडलेला पत्रा न लपवलेली गाडी प्रामाणिक गिऱ्हाईकाला सोपी जाते. रंगाखाली पुट्टी दाबून चकाकवलेल्या गाडीवर मात्र जाणकार माणूस आधी संशयच घेतो.

हे करताना मुदत घालून घेतली, दिवाळीपर्यंत. तोवर एखादा तरी रविवार त्यांनी स्वतः गाडीखाली घालवला तर विक्रीचा पुन्हा विचार करायचा, असंही ठरलं. दोन रविवार घालवले. तिसऱ्याला पाठ धरली आणि आपल्याला हे आवडत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं.

आधी आरसी आईंच्या नावावर झाली. दलालाला न देता घरात आधीच एक हेरल्ड असलेल्या पुण्याच्या एका माणसाला गाडी विकली, दलालाच्या आकड्यापेक्षा बऱ्याच वर. देण्याआधी बंगल्याच्या आवारात आणि समोरच्या कॉलनीत ताईंना एक फेरी मारून आणली. ताईंचं मत: "खूप आवाज करते."

फोटो मात्र भरपूर काढून ठेवा, असं मी आग्रहाने सांगितलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात वसतिगृहातल्या मुलांना जुन्या भावनिक वस्तू दान करा असं आवाहन केलं होतं. ज्या गटाला आधी फोटो काढायला सुचवलं त्या गटाकडून ६१३ वस्तू आल्या, नुसतं आवाहन केलेल्यांकडून ५३३. २०१७ सालचा हा अभ्यास आहे. फरक फार मोठा नाही, पण फोटोला खर्चही नाही. वडिलांची तेल-पाण्याच्या नोंदींची वही त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि तिची झेरॉक्स नव्या मालकाला दिली. मला हे फार आवडलं, कारण ट्रनियनमध्ये काय घालायचं ते तिच्यात लाल शाईने लिहिलं होतं.

झोप लगेच सुधारली असं नाही. विकल्यानंतर पंधरा-वीस दिवस त्यांना शेडकडे जाववत नव्हतं, ते अपेक्षितच होतं आणि तसं आधी सांगूनही ठेवलं होतं. मग परवा फोन आला. माळा साफ करताना गोणपाटात गुंडाळलेला हेरल्डचा एक अख्खा गिअरबॉक्स सापडला होता. आवाजात पुन्हा तोच सूर, "मॅडम, याचं काय करू?"

म्हटलं, "पुण्याच्या त्या माणसाचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"