‘आक्रमक’ धोरण की खंबीर?

देवगडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: “भाषणांत ‘आक्रमक परराष्ट्र धोरण’ असं अभिमानानं म्हणतात. ‘आक्रमक’ ही स्तुती कशी झाली? मला या धोरणाबद्दल शंका येतात, तर घरचे म्हणतात, देशावर संशय घेतोस.”

मूळ धातू ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणे. पराक्रम, विक्रम, अतिक्रमण ही सगळी त्याचीच भावंडं. आक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत चाल करून जाणं. शाळेच्या इतिहासात ‘परकीय आक्रमक’ असायचे, स्वकीय कधीच नाहीत. शब्दाची धार बोथट झाली ती मथळ्यांत. परप्रांतीय ट्रॉलर घुसले, एलईडी दिव्यांवर मासळी ओढून गेले, की दुसऱ्या दिवशी छापून येतं: ‘मच्छीमार आक्रमक’. प्रत्यक्षात मालवणातली माणसं मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जमलेली असतात, साहेबांना जाब विचारतात, निवेदन देऊन घरी जातात. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल ट्रॉलरवाल्यांनी टाकलेलं असतं! इथे शब्द हवा ‘संतप्त’. असं रोज वाचून ‘आक्रमक’ म्हणजे जागरूक, तडफदार, असा अर्थ कानात बसला आणि तोच परराष्ट्र धोरणाला चिकटला. तिथे मात्र शब्दामागे खरी शस्त्रं असतात. शिवाय तीच गोष्ट शेजाऱ्यानं केली की आपण तिला ‘कुरापत’ म्हणतो, ‘आगळीक’ म्हणतो. हा दुजाभाव मला खटकतो.

बहुतेकांना म्हणायचं असतं ‘खंबीर’. खंबीर माणूस आपली जागा सोडत नाही. कोकणाला त्याची गरज कुणी समजावून सांगायला नको. १९९३ साली आरडीएक्स उतरलं ते श्रीवर्धनजवळ शेखाडीला. २००८ साली अतिरेकी आले ते ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून. समुद्रात गस्त हवीच, आणि तिला खंबीर म्हणावं.

‘धोरण’ शब्दाकडेही पाहा. धोरणी माणूस कोण? चार पावलं पुढचं पाहणारा, बोलण्याआधी परिणाम तोलणारा. ‘तो भारी धोरणी’ असं आपण उतावळ्या माणसाला कधी म्हणत नाही.

आता शंका आणि संशय. संशय हेतूवर घेतात. शंका येते, आणि ती उत्तर मागते. डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात. पाकिस्ताननं बोट पकडली की ते कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. अशा एका घरी मी बसलो होतो. घरातल्या बाईंनी यादीतलं नवऱ्याचं नाव बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, “भाऊ, हे भांडण वाढलं तर यांना सोडतील का?” यात देशावर संशय कुठे आला? धोरणाबद्दलचा इतका नेमका प्रश्न मी कुठल्या चर्चेत ऐकलेला नाही.

तेव्हा ‘मला धोरणाबद्दल शंका येते’ हे तुमचं वाक्य अगदी बरोबर आहे, ते बदलू नका. ‘संशय’ हा शब्द घरच्यांचा आहे, तुमचा नव्हे.