परसातली पाणथळ : परवाना राज्याचा की केंद्राचा?

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी इथे घर घेतोय. मागच्या झाडीत वसंतात पाणी साचतं. एजंट म्हणतो, केंद्राच्या नकाशात पाणथळ दाखवलेली नाही, खुशाल डेक बांधा. बांधू का?

इतक्यात नको. तो नकाशा मुख्यतः हवाई छायाचित्रांवरून केलेला असतो. कायदेशीर हद्द त्यावरून ठरत नाही. ती ठरते माती, वनस्पती आणि पाणी पाहून. जाणकार माणूस ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) फूट-दीड फूट माती काढतो. करड्या मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, की तिथे पाणी मुरून राहतं हे कळतं, मग ऑगस्टमध्ये वरची जमीन ठणठणीत कोरडी का असेना.

न्यू जर्सीला १९८७ पासून पाणथळींचा स्वतःचा कायदा आहे. शिवाय केंद्राच्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टमधल्या कलम ४०४ चं, म्हणजे पाणथळीत भराव घालायच्या परवान्यांचं, बरंचसं काम १९९४ पासून राज्याचं पर्यावरण खातं, म्हणजे डीईपी, पाहतं. पाणथळीच्या दर्जानुसार तिच्याभोवती ५० किंवा १५० फुटांचा संरक्षित पट्टाही असू शकतो. डेक त्या पट्ट्यात येत असेल तर आधी डीईपीला विचारावंच लागतं. विकणाऱ्याकडे डीईपीचं ‘लेटर ऑफ इंटरप्रिटेशन’, म्हणजे जागेवर पाणथळ आहे का आणि कुठवर, हे सांगणारं पत्र आहे का, ते पाहा. ते साधारण पाच वर्षं चालतं. नसेल तर अ‍ॅटर्नी रिव्ह्यूच्या, म्हणजे सह्या झाल्यावर वकिलाने करार तपासायच्या, तीन दिवसांतच वकिलाला सांगून करारात पाणथळ तपासून घेण्याची अट घालून घ्या. नंतर हातात फार काही उरत नाही.

प्रश्न : राज्याचा परवाना मिळाला, की केंद्राचे परवाने देणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे जायला नको ना?

जागा कुठे आहे, त्यावर आहे. न्यू जर्सीत भरतीच्या पाण्यापासून किंवा डेलावेअर नदीपासून १,००० फुटांच्या आतली पाणथळ असेल, तर भराव घालायला दोन्हीकडचे परवाने लागतात. मिशिगनने कलम ४०४ चं काम १९८४ मध्येच केंद्राकडून घेतलं, पण ग्रेट लेक्सच्या काठावर तिथेही कोअर आहेच. फ्लोरिडाने ते डिसेंबर २०२० मध्ये घेतलं. संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याची प्रक्रिया नीट पाळली नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने त्याला केंद्राने दिलेली मान्यता रद्द केली आणि अर्ज पुन्हा कोअरकडे गेले.

प्रश्न : केंद्र परवाना द्यायला तयार असेल, तर राज्य अडवू शकतं का?

हो. त्याच क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या कलम ४०१ खाली पाण्याच्या दर्जाचं प्रमाणपत्र राज्याने नाकारलं, तर केंद्राचा परवाना निघत नाही. मात्र राज्याला निर्णय जास्तीत जास्त वर्षभरात द्यावा लागतो.

प्रश्न : ह्यूस्टनजवळ आमचा प्लॉट आहे, त्यात पाणी साचणारा खळगा आहे. बिल्डर म्हणतो, सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या सॅकेट निकालानंतर अशा खळग्यांना कायदाच लागू नाही.

केंद्राचा कायदा कदाचित नसेलही. नदी, तळं अशा कायम पाण्याशी पृष्ठभागावरून सलग जोडलेली पाणथळच आता केंद्राच्या कक्षेत येते. मिशिगन, न्यू जर्सीत राज्याचा कायदा तरी उरतो. टेक्सासमध्ये अशा आतल्या पाणथळींसाठी राज्याचा वेगळा परवानाच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. केटी प्रेअरीवरचे (ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या गवताळ मैदानावरचे) हेच उथळ खळगे पावसाचं पाणी धरून ठेवतात, आणि पुराचं पाणी घरात शिरलं की काय होतं हे ह्यूस्टनकरांनी २०१७ च्या हार्वी वादळात पाहिलं आहे. बिल्डरच्या तोंडी शब्दावर भराव टाकू नका. कोअरच्या गॅल्व्हेस्टन कार्यालयाकडून लेखी ‘ज्युरिस्डिक्शनल डिटर्मिनेशन’, म्हणजे जागा केंद्राच्या कक्षेत येते की नाही याचा निर्णय, मागा, त्याला फी नाही. पूररेषेचे स्थानिक नियम काउंटीत वेगळे विचारा. आणि कायदा आड येत नसला, तरी तो खळगा शक्यतो तसाच राहू द्या.