तान्ह्या बाळाला पोहता येतं का?

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय. ती आणि माझा मुलगा मोबाइलवर पाण्याखाली पोहणाऱ्या तान्ह्या बाळांचे व्हिडिओ बघत असतात. ‘बाळ नऊ महिने पाण्यातच तर असतं’ म्हणून बाळंतपण टबात करायचं आणि तिसऱ्या महिन्यात पोहण्याचा क्लास लावायचा, असं दोघांचं घाटतंय. मला धडकी भरलीय. मी उगाच घाबरतेय का?
– एक होणारी आजी, इस्लामपूर

उत्तर : ताई, व्हिडिओ खरे असतात, पण त्यातलं बाळ पोहत नसतं.

तुमच्या न्हाणीघरातच बघा. अंघोळ घालणारी बाई बाळाला पायांवर घेते, डोक्यावरून तांब्या ओतते. पाणी नाकातोंडावर आलं की रडणारं बाळ एकदम गप्प होतं, क्षणभर श्वास धरतं, गिळतं आणि मग टाहो फोडतं. घशाशी पाणी लागताच श्वासनलिकेचं तोंड मिटतं, श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात. पापणी लवते तसं हे आपोआप होतं. बाळ मोठं होत जातं तशी ही प्रतिक्रिया ओसरते आणि पाणी लागलं की ठसका लागू लागतो. (त्या बाईंना सांगा, कपाळावर आडवा हात धरून पाणी मागे सोडा. आणि नाकात तेल अजिबात नको.)

हातपाय मारण्याचंही तेच. तपासताना मी नवजात बाळाला तळहातावर पालथं घेते आणि कण्याच्या एका बाजूने बोट फिरवते. कंबर लगेच त्या बाजूला वळते. पाण्यात पालथं धरलं तर हातपायही लयीत हलतात. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांनी अकरा दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांचं पाण्यात निरीक्षण करून १९३९ साली हे मांडलं. काही महिन्यांनी ती लय मोडते. मूल उताणं व्हायला बघतं, हात धरायला धडपडतं, ठसकतं. आणि लय असते तेव्हाही श्वासासाठी डोकं वर काढणं तान्ह्या बाळाला जमत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पिढीला विचारा, खरं शिकायचं असतं ते तेवढंच.

आता बाळंतपण. पोटातल्या पाण्यात बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो, त्यामुळे ‘नऊ महिने पाण्यात’ हा युक्तिवाद लंगडा आहे. फ्रान्समधल्या पिथिव्हिए गावी डॉक्टर मिशेल ओदाँ यांनी टब ठेवला तो कळा सोसणाऱ्या बाईला आराम मिळावा म्हणून. तिथल्या पाण्यातल्या जन्मांबद्दल त्यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. सुदृढ बाळ बाहेर येताच लगेच वर उचललं, तर ते सहसा पाण्यात श्वास घेत नाही. पण कळांमध्ये गुदमरलेलं बाळ जोराने श्वास ओढतं, तिथे श्वास धरण्याचा हा बचाव टिकत नाही. घाईत उचलताना नाळही तुटू शकते. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला मला पटतो : दिवस भरलेत, गुंतागुंत नाही, तर कळांच्या पहिल्या टप्प्यात टबात खुशाल बसावं, जन्म मात्र पाण्याबाहेर. सुनेला बीपी किंवा साखरेचा त्रास असेल, तर तिच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टबाचा विषयही काढू नका.

तिसऱ्या महिन्यात क्लास नको. बुडवलं की बाळ पाणी गिळतं. फार गिळलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. शिवाय एवढंसं अंग गार पडायला वेळ लागत नाही. आईबापांनी कोमट पाण्यात हातात धरून खेळवावं, डोकं बुडवू नये. शिकवणी वर्षानंतर बघू. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही त्याआधी शिकवल्याने बुडण्याचा धोका कमी होतो असं मानत नाहीत.

तुमची धडकी मात्र बाथरूमकडे वळवा. रांगतं मूल बादलीत वाकतं, डोकं जड असल्याने तोल जातो आणि वीतभर पाण्यातही आवाज न होता बुडतं. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, पिंपावर घट्ट झाकण ठेवा आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी बसवून घ्या.