सेकंडहँड बेस गिटार पावसाळ्यात खडखडतोय, हमही (सारखा घूं आवाज) येतोय. पिकअप (तारांखालचा, आवाज टिपणारा भाग) बदलू, की पाच तारांचा नवा घेऊ?

दोन्ही नको, निदान पावसाळा संपेपर्यंत तरी.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: तुम्ही चिपळूणला राहता, ऑर्केस्ट्रात हौसेने वाजवता. जॅझ पद्धतीचा चार तारी बेस उन्हाळ्यात घेतलात तेव्हा ठणठणीत होता. जुलैपासून नेकवरच्या (दांड्यावरच्या) पहिल्या चार-पाच फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारा खडखडायला लागल्या आणि ॲम्पमधून सारखं घूं येतं. दुकानदार पिकअप बदला म्हणतोय, कीबोर्डवाला पाच तारी घे म्हणतोय. यातल्या एकाही दुखण्याचा दोष मला पिकअपवर टाकता येत नाही. पिकअपला फक्त तारेचं हलणं ऐकू येतं. तारच फ्रेटवर आपटत असेल, तर महागडा पिकअप ते आपटणं आणखी स्वच्छ ऐकवेल.

आधी ॲम्प लावून वाजवा. खडखड नुसती जवळून ऐकू येते आणि स्पीकरमधून येत नाही, असं असेल तर सोडून द्या. प्रेक्षकांपर्यंत ती पोचत नाही. स्पीकरमधूनही येत असेल, तर नेककडे वळा.

चार तारा सुरात लावल्या की त्यांची एकूण ओढ सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाते. त्या ओढीला तोलून धरायला नेकच्या आत लोखंडी ट्रस रॉड असतो. नेक फुटपट्टीसारखा सरळ नसतो. मधे त्याला किंचित खोली लागते, कारण तार हलताना मधेच सगळ्यात जास्त फुगते. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि हा तोल सरकतो. कुठला नेक कुठे वाकेल हे ज्याच्या त्याच्या लाकडावर असतं, पण खडखड पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल तर बहुधा नेक नको तेवढा सरळ झालाय किंवा उलटा, मागे गेलाय. बाराव्या फ्रेटच्या पुढे असती तर मी वेगळं म्हटलं असतं. एकाच फ्रेटवर असती तर तो फ्रेट वर आलाय का बघा म्हटलं असतं, आणि फक्त मोकळी तार खडखडत असती तर नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी.

मोजायचं असं. बेस सुरात लावा, वाजवताना धरता तसाच धरा. ई तार (सगळ्यात जाड) डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या हाताने नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे बघा. साधारण 0.3 मिमी हवी. मोटरसायकलचा मेकॅनिक प्लगचा गॅप बघायला फिलर गेज वापरतो, ते इथे झकास चालतं. तेही नसेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. तार फ्रेटला चिकटलेलीच असेल, तर ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, पुन्हा सुरात लावा, अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा. चावी नेमक्या मापाची हवी, कारण ढिल्या चावीने रॉडच्या नटच्या कडा गोल झाल्या की पुढचा खर्च पिकअपपेक्षा मोठा. चावी अडली तर जोर लावू नका, सरळ कारागिराकडे जा. काही जुन्या पद्धतीच्या बेसमध्ये रॉडचा हा नट नेकच्या बुडाशी, बॉडीच्या आत असतो. तिथे हात घालायला नेक काढावा लागतो.

नेक जागेवर आला की मगच सॅडल, म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते तो भाग. बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जोरात वाजवणाऱ्याला थोडी जास्त लागते, त्यात लाज नाही. मग मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेली चढी लागली तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरली तर जवळ आणा. तुमच्याकडे सॅडलचे बारके स्क्रू गंजून अडकले असणार. आदल्या रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्क्रूवर सोडा, लाकडावर ओघळू देऊ नका.

हमकडे येऊ. जॅझ बेसवर दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात आणि ते एकमेकांचा हम मारतात, पण दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असतील तेव्हाच. एक कमी केलात की हम परत येणार. 1960 पासून या जातीचा बेस असाच आहे, त्याला बिघाड म्हणू नका. दोन्ही पूर्ण उघडूनही घूं येतं का? मग तारांना हात लावा. हात लावताच आवाज घटला तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे आणि आतल्या कप्प्यांना तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडली की फरक पडेल. एका दुपारचं काम आहे. काहीच फरक पडला नाही तर तुटलेली वायर शोधा. जॅकचा बाहेरचा नट सैल असेल तर केबल लावताना अख्खा जॅक फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते. तो नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा.

हॉलच्या वायरिंगला अर्थिंग नसेल तरी हम येतो, मांडवात जनरेटरवर तर हमखास. त्यावर उपाय म्हणून काही जण प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात. हे अजिबात करू नका. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, तुमचा हात तारांवर आणि ओठ माइकवर असतात, विजेचा झटका थेट अंगातून जाईल. त्यापेक्षा डीआय बॉक्स (बेसचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) घ्या आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला थेट लाइन द्या. त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका निम्मा त्रास संपवतो. साध्या गिटारच्या ॲम्पवर घरी हळू आवाजात सराव ठीक, पण कार्यक्रमात आवाज चढवलात तर त्याचा स्पीकर फाटेल. कीबोर्डचा ॲम्प त्याहून बरा.

एवढं करूनही आवाज आवडला नाही, तर क्रम असा: पिकअपची उंची, मग तारा, मग स्पंज, शेवटी पिकअप. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिच्यात आणि पिकअपमध्ये 3 मिमीच्या आसपास अंतर ठेवा. फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतो आणि ई तार डगमगते. तुम्ही जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवता, त्यांना गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा शोभतात. त्या खरखरीत तारांपेक्षा महाग, पण वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड तारा तुटेपर्यंत बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली तो स्पंजही ठेवायचा. भांडी घासायच्या स्पंजची कोरी पट्टी कापून ब्रिजपाशी तारांखाली सरकवा. माझ्या मते बेसवरचं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लेखलेलं मॉडिफिकेशन. एक सांभाळा: तार खुंटीत घालण्याआधी जिथे तोडायची तिथे काटकोनात वाकवा, मगच तोडा. न वाकवता तोडलीत तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सैल होऊन ती तार मुकी होते.

पाच तारांबद्दल तुमच्या कीबोर्डवाल्याचं म्हणणं अगदीच वावगं नाही. चार तारी बेसचा सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन, म्हणजे ई. गायक काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोनमध्ये गाणार असेल, तर खालचा सा मिळत नाही, वरच्या सप्तकात जावं लागतं. अशी गाणी चार-दोनच असतील तर ई तार डीपर्यंत (पांढरी दोन) उतरवून भागतं, काळी एकला मात्र तेही पुरत नाही. फक्त त्या तारेवरची सगळी बोटं दोन फ्रेट वर सरकतात, तेवढा सराव करा. अर्धा कार्यक्रमच तिथे असेल तर पाच तारी घ्या. पण खालची बी तार सुमारे 31 हर्ट्झची, लहान ॲम्पमधून ती नुसती घरघरते. आधी ती कशातून ऐकवणार ते ठरवा.

सांभाळायचं म्हणाल तर वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसा, बेस बॅगेत सिलिका जेलसह ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जेलच्या पुड्या ओल्या झाल्या की बदला. शिसवी फिंगरबोर्डला वर्षातून एकदा तेलाचा हात पुरे, लाखेचा चकचकीत मेपल असेल तर तेल लावूच नका. आत 9 व्होल्टची बॅटरी असेल तर केबल काढून ठेवा. केबल लावलेली असली की बॅटरी चालूच राहते.

आणि नवा घ्यायला जालच, तर दुकानात आधी न वाजवता हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) नेकवर एक डोळा मिटून नजर टाका. पीळ दिसला तर किंमत विचारूसुद्धा नका. मग दुकानदाराला ट्रस रॉड तुमच्यासमोर दोन्ही बाजूंना थोडा फिरवून दाखवायला सांगा. तो काचकूच करायला लागला तर दुसरा बेस बघा.