शेळी दोनदा उलटली, वांझ समजून विकून टाकू का?

विकू नका. तुम्ही लिहिलंय की शेळी पहाटे ओरडायला लागली, दिवस उगवायला तिला शेजारच्या वस्तीवर बोकडाकडे नेली, भरवून, म्हणजे बोकड लावून, आठच्या आत दावणीला परत बांधली, आणि असं करून ती दोनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. म्हणून घरच्यांनी तिला वांझ ठरवलं. एकदा व्यालेली, वेळेवर माजावर येणारी शेळी! यात तिचा दोष मला कुठंच दिसत नाही. घाई झालीय, एवढंच.

खरं तर मी इथं फारसं लिहीत नाही. पण तुमच्या प्रश्नात ‘वांझ’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. हेच आमच्या घरी घडलंय आणि त्यावरून मोठ्या भाऊजींशी माझं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं. शेळ्या सगळ्या उस्मानाबादी जातीच्या. त्यात चंद्री म्हणून एक होती, अंगानं काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. पहिल्याच वेताला तिनं जुळी दिली, दोन्ही जगली, करडं पिऊन वर घरच्या चहापुरतं दूध निघायचं. करडं दुधावरून तुटल्यावर ती माजावर आली. तेव्हा आमच्याकडे बोकड नव्हता. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकाचा होता, तो पैसे घेऊन भरवून द्यायचा. पण तो माणूस सकाळी नऊला कळप घेऊन रानात जायचा, म्हणून सगळ्या गावाच्या शेळ्या त्याच्याकडे सकाळीच. चंद्री रात्री ओरडायला लागली की भाऊजी तांबडं फुटता तिला घेऊन निघायचे. बोकड एकदा चढला की काम झालं. तासाभरात शेळी घरी.

आणि इकडे मी बघत होते. शेळी घरी येऊन बांधली तरी तिची शेपटी थांबत नव्हती. दुपारी तेच, संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा ती दुसऱ्या शेळीवर चढत होती आणि तिच्यावर दुसरी चढली की हलत नव्हती. मी सासूबाईंना म्हटलं, हिचा माज अजून चालू आहे, आपण हिला फार लवकर नेतोय. भाऊजी म्हणाले, बोकड चढलेला मी डोळ्यानं बघितलाय. बघितलाच असेल. चढण्याबद्दल वाद नव्हताच, वाद कधी चढला याचा होता.

पुढच्या पाळीला ती उलटली. त्याच्या पुढच्याही पाळीला. मग ओसरीवर बसून ठरलं की चंद्री वांझ झाली, चारा फुकट खाते. खाटीक येऊन पाठीवरून हात फिरवून गेला, इसारही देऊन गेला. मला कुणी विचारलं नाही. झाडलोट माझी, चारापाणी माझं, आणि सौदा मला भांडी घासताना ऐकू आला.

मी तो इसार परत करायला लावला. भाऊजींना सांगितलं की एक माज माझ्या हातात द्या, नाही राहिली तर खुशाल विका. बोलणं वाढलं. सासूबाई मध्ये पडल्या म्हणून तेवढं मिळालं.

त्या खेपेला मी कालनिर्णयवर मागच्या माजाची तारीख बघून पुढचे दिवस मोजले. शेळीची पाळी १८ ते २१ दिवसांची धरा, एखादीची एक दिवस मागेपुढे. अठराव्या दिवसापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ तिची शेपटी उचलून बघत होते. एका दुपारी निरण, म्हणजे शेपटीखालची व्यायची जागा, लाल आणि जराशी सुजलेली दिसली. बोट लावलं तर चिकट पाणी, स्वच्छ, दोन बोटांत लांब तार धरणारं. ओरडणंही सुरू झालं. भाऊजी म्हणाले, चला आता. मी नाही सोडली. रात्रभर ती ओरडली, घरात कुणाला झोप नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे परत बघितलं तर तोच स्राव आता पातळ ताकासारखा पांढुरका व्हायला लागला होता, आणि कमरेवर हात दाबला की ती चार पाय रोवून उभी राहत होती. तेव्हा मी स्वतः तिला ओढ्यापलीकडे नेलं. बोकडवाल्याला सांगितलं की ही आज दिवसभर इथंच राहणार, संध्याकाळी पुन्हा भरवायची, दोन्ही वेळचे पैसे घे. तो कुरकुरला, पण पैसे घेतले.

ती पुन्हा माजावर आली नाही. पाच महिन्यांनी व्याली, दोन पाटी, म्हणजे मादी करडं. त्यातल्या एकीच्या पोटच्या शेळ्या आजही माझ्या गोठ्यात आहेत. भाऊजी म्हणाले, नशीब. मी हे अजूनही मान्य करत नाही. नशीब नव्हतं, वेळ होती.

कारण साधं आहे. शेळीचा माज साधारण २४ ते ३६ तास चालतो आणि तिचं बीज सुटतं ते माज संपत येताना. ओरडायला लागल्या-लागल्या भरवलं तर बोकडाचं वीर्य बीज येईपर्यंत टिकत नाही. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि शक्य असेल तर त्यानंतर १२ तासांनी पुन्हा एकदा. यापेक्षा मोठं शास्त्र यात नाही. पण त्यासाठी माज कधी सुरू झाला ते कळायला हवं, आणि रोज गोठ्यात असतं त्यालाच ते कळतं. घरातला जो माणूस शेळीला फक्त बाजाराच्या दिवशी हात लावतो, त्याचं या बाबतीत ऐकू नका, मग तो वयानं कितीही मोठा असो.

दारात बोकड नसेल तर माज चुकतो हे खरं. पाटींचा तर मुका असतो, ओरडतच नाहीत. मी एक करते. बोकडाच्या शिंगांच्या मागच्या जागेवर, जिथून तो उग्र वास येतो, एक जुनं फडकं चांगलं चोळून आणते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते. ज्या शेळीचा संशय आहे तिच्या नाकापुढे बरणी उघडायची. माजावर असेल ती तोंड बाजूला करत नाही, शेपटी हलवत बरणीलाच घासायला लागते. वास उडाला की फडकं परत चोळून आणायचं.

अजून एक गोष्ट लोक घोळतात. महिनाभर बोकडाचा वाससुद्धा नसलेल्या शेळ्यांपुढे एकदम बोकड आणला की आठवडाभरात बऱ्याच जणी माजावर येतात. त्यातल्या काहींचा तो पहिला माज कच्चा असतो, पाच-सात दिवसांत पुन्हा येतो. त्याला उलटणं म्हणू नका. दुसऱ्या माजाला भरवा, म्हणजे झालं.

तुम्ही कोणत्या महिन्यात भरवावं हेही विचारलंय. आपल्याकडच्या शेळ्या बाराही महिने माजावर येतात, पण म्हणून बाराही महिने भरवू नयेत. गाभण काळ १४५ ते १५० दिवस. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवली की जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात व्यायची. ओला गोठा, करडांना हगवण, छातीत सर्दी. मी तेव्हा भरवत नाही. बाभळीच्या शेंगा पडायला लागल्या की शेळ्या अंग धरतात. मे-जूनमध्ये भरवायच्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करडं, तेव्हा रानात पाला असतो आणि आईला दूध असतं. भरवायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो मक्याचा भरडा द्या, जुळ्यांचं प्रमाण वाढतं. मात्र मेच्या उन्हात बोकडही थकतो. त्याला सावलीत ठेवलेला असेल आणि दिवसात दोनपेक्षा जास्त शेळ्या दिल्या नसतील तरच त्याचा भरवसा. तुमच्या गावात सगळ्यांचा मिळून तो एकच बोकड असेल तर आधी त्याच्याकडे संशयानं बघा. एका बोकडामागे २५-३० शेळ्या पुष्कळ झाल्या. गावातल्या इतरांच्या शेळ्या राहतात का, हे तुम्ही विचारलंत का? हे कुणी विचारत नाही, दोष आधी मादीवर टाकतात. आमच्याकडेही तसंच झालं, आणि ते फक्त शेळ्यांपुरतं नव्हतं, पण तो विषय इथं नको.

ईदचा हिशोब करून भरवा असं कुणी सांगेल. करायचा तर नीट करा. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि ईद दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. २०२४ मध्ये १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. ऑक्टोबरचं करडू पहिल्या ईदला कोवळंच राहतं, त्याला दुसऱ्या ईदपर्यंत पोसायची ताकद असेल तरच थांबा.

आणि पाट सहा महिन्यांची माजावर आली म्हणून भरवू नका. ८-१० महिने आणि निदान २०-२२ किलो वजन होऊ द्या. नाहीतर करडू अडतं, आणि वाचली तरी पाट कायमची खुरटते. बोकड दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर बाप-लेकीचा संबंध होतो.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. स्राव पिवळा असेल, त्यात पू असेल किंवा घाण वास येत असेल तर वेळ बदलून काही होणार नाही, तो गर्भाशयाचा आजार आहे, पशुवैद्यकाला दाखवा आणि तोवर बोकडाकडे नेऊ नका. शेळी गाभडली, म्हणजे तिचा गाभ पडला असेल, तर अजिबात नेऊ नका. तो ब्रुसेलोसिस असू शकतो, सामाईक बोकडावरून गावभर जातो आणि माणसालाही होतो. पडलेला गर्भ, वार उघड्या हातानं उचलू नका, खोल पुरा. रक्त तपासून घ्या. वेळ बरोबर साधून, दुसऱ्या बोकडाकडे नेऊनही ती पुन्हा उलटली, तर मात्र डॉक्टरकडून आतून तपासून घ्या. काही शेळ्यांत खरंच दोष असतो, नाही म्हणत नाही.

तुम्ही शेवटचं १२ तारखेला भरवलं म्हणता. मग ३० पासून पुढच्या महिन्याच्या ४ तारखेपर्यंत सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघा. बोकडवाल्याला आत्ताच सांगून ठेवा की या खेपेला शेळी एक रात्र तिथंच राहील, वैरण तुम्ही द्याल, आणि पैसे दोन वेळचे.